वैयक्तिक संगणकाची बाजारपेठ : स्पर्धा कोठे आणि प्रभुत्व कोणाचे?

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• एकाच उद्योगात तीव्र स्पर्धा आणि मक्तेदारी एकत्र कशी नांदू शकतात, हे स्पष्ट करणे.
• प्रवेश-अडथळे निर्माण होण्याची व ढासळण्याची कारणे सांगणे.
• बाजारातील प्रभुत्व आणि प्रभुत्वाचा गैरवापर यांतील फरक विशद करणे.

१. प्रास्ताविक

बाजारपेठेचे प्रकार अभ्यासताना आपण विक्रेत्यांच्या संख्येपासून सुरुवात केली. विक्रेते असंख्य असतील तर पूर्ण स्पर्धा, मोजके असतील तर अल्पविक्रेताधिकार आणि एकच असेल तर मक्तेदारी, हे वर्गीकरण उपयुक्त आहे. पण ते पुरेसे नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत वैयक्तिक संगणक विकणाऱ्या अनेक कंपन्या होत्या आणि त्यांच्यात किमतीची चुरस होती. तरीही त्या काळातील मक्तेदारीविषयक सर्वांत गाजलेला खटला याच उद्योगात उभा राहिला. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी ‘विक्रेते किती?’ या प्रश्नाऐवजी ‘वस्तूचा कोणता घटक दुसऱ्या कोणाकडूनही मिळू शकत नाही?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

२. आयबीएमचा निर्णय

मोठ्या संगणकांच्या क्षेत्रात आयबीएम ही अग्रगण्य कंपनी होती. तिने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. तो सुमारे एका वर्षात तयार करावयाचा असल्याने बहुतेक भाग बाहेरून घेण्यात आले. मायक्रोप्रोसेसर इंटेलचा होता, तर ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टने पुरवली. मायक्रोसॉफ्टनेही तिचा मूळ आधार सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीकडून विकत घेतला होता. आयबीएमबरोबरच्या करारात मात्र तीच प्रणाली इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला.

यंत्रात आयबीएमचे असे, कायद्याने संरक्षित राहिलेले, प्रमुख अंग म्हणजे ‘बायोस’. संगणक सुरू होताच यंत्राचे भाग आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांची सांगड घालणारा हा छोटा प्रोग्राम होय. आयबीएमच्या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्राम जसेच्या तसे चालवू शकेल असे दुसरे यंत्र बनवावयाचे, तर हाच खरा प्रवेश-अडथळा होता.

३. प्रवेश-अडथळा ढासळतो

१९८२ मध्ये ह्यूस्टन येथे स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने हा अडथळा कायदेशीर मार्गाने ओलांडला. एका गटाने आयबीएमचे बायोस काय कार्य करते, एवढ्याचेच वर्णन तयार केले. आयबीएमचा प्रोग्राम कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा प्रोग्राम लिहिला. स्वामित्वहक्क अभिव्यक्तीला संरक्षण देतो, कार्याला नाही. या तत्त्वावर ही पद्धत उभी होती. १९८३ मध्ये कॉम्पॅकची विक्री सुमारे ११ कोटी १० लाख डॉलरपर्यंत पोहोचली. १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी असे सुसंगत बायोस कोणत्याही उत्पादकाला विकू लागली आणि या क्षेत्रात उतरणे पुष्कळच सोपे झाले.

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही नवी संगणकमालिका आणून यंत्राच्या अंतर्गत जोडणीची वेगळी, स्वतःच्या मालकीची रचना रूढ करण्याचा प्रयत्न केला. परंतु १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ उत्पादकांनी एकत्र येऊन पर्यायी रचना जाहीर केली. मानक आयबीएमच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्यावर तिचे नियंत्रण उरले नव्हते. पुढे २००५ मध्ये आयबीएमने हा व्यवसायच लेनोवो या चिनी कंपनीला विकला.

४. प्रभुत्वाचे स्थलांतर

प्रत्येक नव्या उत्पादकामुळे संगणक-निर्मात्यांमधील स्पर्धा वाढली; त्याचबरोबर इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांचा एक ग्राहकही वाढला. आयबीएमच्या आग्रहामुळे १९८२ मध्ये इंटेलला एएमडी या कंपनीस पर्यायी पुरवठादार म्हणून मान्यता द्यावी लागली होती. परंतु १९८५ मध्ये आलेला ३८६ हा प्रोसेसर इंटेलने एएमडीला बनवू दिला नाही. एएमडीला स्वतःची आवृत्ती बाजारात आणण्यास १९९१ उजाडले.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत अडथळा निराळा होता. ज्या प्रणालीचे वापरकर्ते अधिक, तिच्यासाठी प्रोग्राम लिहिणारे अधिक. आणि जिच्यासाठी प्रोग्राम अधिक, तिच्याकडे नवे वापरकर्ते वळतात. या स्वतःला पोसणाऱ्या चक्राला ‘जाळे-परिणाम’ म्हणतात. आयबीएमची ओएस/२ ही प्रणालीही हे चक्र भेदू शकली नाही. बायोस पुन्हा लिहिता आले. पण हजारो प्रोग्राम आणि त्यांना सरावलेले लोक पुन्हा निर्माण करता येत नव्हते.

५. प्रभुत्व आणि गैरवापर

अमेरिकेच्या १८९० च्या शर्मन कायद्यानुसार केवळ मोठे असणे हा गुन्हा नाही. मक्तेदारी अयोग्य मार्गांनी टिकवणे बेकायदेशीर ठरते. भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ४ देखील प्रभुत्वाला नव्हे, तर त्याच्या गैरवापराला मनाई करते.

एक उदाहरण पाहू. मायक्रोसॉफ्टच्या काही करारांनुसार, करारात समाविष्ट असलेल्या प्रकारच्या प्रत्येक संगणकामागे उत्पादकाला शुल्क द्यावे लागे. मग त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. साहजिकच प्रतिस्पर्ध्याची प्रणाली बसवणे म्हणजे दोनदा पैसे मोजणे ठरे. १९९४ च्या तडजोडीने ही पद्धत बंद झाली.

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला दाखल केला. नेटस्केपसारखा ब्राउझर कोणत्याही प्रणालीवर चालतो; त्याच्या आधाराने प्रोग्राम लिहिले जाऊ लागले, तर वरील चक्र तुटेल. म्हणून मायक्रोसॉफ्टने त्याची वाट अडवली, असा मुख्य आरोप होता. इंटेल-सुसंगत संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मायक्रोसॉफ्टचा हिस्सा दशकभर ९० टक्क्यांहून अधिक असल्याचे न्यायालयाने नोव्हेंबर १९९९ मध्ये नमूद केले. येथे बाजारपेठेची व्याख्या ध्यानात घ्यावी. अ‍ॅपलचे संगणक तीत धरलेले नव्हते. जून २००० मध्ये कंपनीच्या विभाजनाचा आदेश निघाला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. परंतु मक्तेदारी बेकायदेशीररीत्या टिकवल्याचा निष्कर्ष कायम ठेवला.

६. सारांश

वैयक्तिक संगणकाच्या उद्योगात स्पर्धा खरी होती आणि प्रभुत्वही खरे होते. मात्र ती निरनिराळ्या स्तरांवर होती. यंत्र बनवण्याच्या स्तरावरील अडथळा नाहीसा झाल्याने ग्राहकाला निवड मिळाली. परंतु निवडलेल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ऑपरेटिंग सिस्टिम एकाच कंपनीची होती. म्हणून दुकानातील नाममुद्रा मोजून बाजारपेठेचा प्रकार ठरवणे धोक्याचे असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बायोस आणि जाळे-परिणाम या दोन प्रवेश-अडथळ्यांची तुलना करा.
२. ‘प्रतिस्पर्ध्यांची वाढ ही इंटेल व मायक्रोसॉफ्टच्या लाभाची ठरली.’ सकारण चर्चा करा.
३. आपल्या नित्य वापरातील एखादी सेवा निवडा. तिच्यात स्पर्धा कोणत्या स्तरावर व प्रभुत्व कोणत्या स्तरावर आढळते, ते दहा ओळींत लिहा.