लोकर घेताना आधी रंग नको, पट्टी पाहा!

दसरा-दिवाळी उरकली की आपल्याकडे पहाटेचा गारठा जाणवू लागतो. आपलं धाराशिव बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेलं. रात्री वारं बोचतं आणि दुपारी डोक्यावर पदर घ्यावा असं ऊन असतं. थंडी म्हणाल तर जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. तरीही या दिवसांत कटलरीच्या आणि मॅचिंगच्या दुकानांत बटणं, लेस, फॉल यांच्या शेजारची एक फळी लोकरीच्या गुंड्यांनी रंगीबेरंगी होऊन जाते. आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी बारसं ठरलेलं असतंच! मग आपण दुकानात जातो आणि म्हणतो, “दादा, बाळासाठी मऊ लोकर दाखवा.” दादा फिकट गुलाबी, आकाशी, लिंबोणी गुंडे समोर मांडतात. आपण गुंडा गालाला लावून पाहतो, रंग ठरवतो, थोडी घासाघीस करतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. एक प्रश्न मात्र बहुतेकींना सुचतच नाही. जी घेतली, ती लोकर आहे का?

लोकर म्हणतो ते सगळं लोकर नसतं

विणायचा जो जाड धागा, त्याला आपण सरसकट ‘लोकर’ म्हणतो. खरी लोकर मेंढीच्या अंगावरची. दुकानातल्या गुंड्याभोवतीची कागदी पट्टी नीट वाचलीत, तर पुष्कळदा तिच्यावर ‘१०० टक्के ॲक्रिलिक’ असं छापलेलं आढळेल. ॲक्रिलिक हा खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून कारखान्यात तयार होणारा धागा. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीनं १९५० साली ‘ऑरलॉन’ या नावानं तो बाजारात आणला. आपल्याकडच्या मोठ्या बायका अजून ‘कॅशमिलॉन’ म्हणतात. नाव ऐकून काश्मीरची पश्मिना आठवते खरी, पण ते आसाही या जपानी कंपनीच्या ॲक्रिलिकचं व्यापारी नाव.

आता ॲक्रिलिक वाईट असतं असं मुळीच नाही, बरं का! ते स्वस्त पडतं, त्याचे रंग चकचकीत असतात, अंगाला टोचत नाही आणि कसरीला आवडत नाही. मुलांचा शाळेचा स्वेटर, रुखवतातल्या बाहुल्या, दाराचं तोरण यांना ते छानच. पण बाळाला घालायचं असेल तर मात्र थांबून विचार करायला हवा. त्याचं कारण आपल्या घरातल्या चालीरीतींतच आहे.

शेगडी, निरांजन आणि स्वेटर

बाळ-बाळंतिणीची न्हाणी झाली की शेक-शेगडी येते. निखाऱ्यांवर ओवा, धूप टाकून बाळाला धुरी देण्याची पद्धत खेडोपाडी अजून टिकून आहे. धुरानं बाळाच्या नाजूक फुप्फुसांना त्रास होतो म्हणून बालरोगतज्ज्ञ ‘धुरी नकोच’ म्हणतात, आणि त्यांचं ऐकावं. पण धुरी बंद केली तरी घरातला विस्तव कुठे संपतो? बारशाला औक्षणाचं निरांजन असतं. पहाटे म्हातारी माणसं नातवाला मांडीवर घेऊन शेकोटीशी बसतात. दिवाळीच्या पहाटे तर अभ्यंगस्नान आटोपलं, अंगात स्वेटर चढवला आणि हातात फुलबाजी, हे चित्र घरोघरी दिसतं.

खरी लोकर सहसा लवकर पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढा भाग करपतो, आणि ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझतो. ॲक्रिलिकचं उलट आहे. ते चटकन पेटतं, ज्योत बाजूला केली तरी जळत राहतं आणि जळताना वितळतं. तो वितळलेला चिकट थर कातडीला बसला म्हणजे भाजणं खोलवर जातं.

आपल्या आज्या-पणज्या बाळाला शेकत, तेव्हा मांडीवर किंवा खाली घोंगडी असे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, सनगरांच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली ती घोंगडी. अंगाला टोचायची, पण शेगडीजवळ तिचा आधार होता. शेकायची रीत आपण उचलली, पण मधल्या काळात कापड बदललं. शेगडी तीच राहिली आणि बाळाच्या अंगावर वितळणारा धागा आला. ही गोष्ट कुणी आपल्याला बसवून सांगितली नाही, म्हणून आज मुद्दाम सांगते.

एक लक्षात ठेवा. कपडा पेटलाच तर आधी आग विझवा आणि भाजलेल्या जागेवर नळाचं साधं, गार पाणी वीस मिनिटं सोडा. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढू नका. बाळाला लगेच दवाखान्यात न्या. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

घरच्या घरी परीक्षा

पट्टी हरवली असेल किंवा सुटी लोकर वजनावर घेतली असेल, तर ओळखायचं कसं? दोन-तीन इंचांचा तुकडा कापून घ्या. पदर खोचा, केस बांधा, मुलांना दूर ठेवा. पसरट ताटात पाणी घेऊन त्यावर तुकडा स्टीलच्या चिमट्यात धरा आणि टोकाला काडी लावा.

केस जळाल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला करताच विझली आणि उरलेली काळी राख बोटांत चुरली, तर ती खरी लोकर. धागा वितळत, काळा धूर सोडत जळला आणि टोकाशी टणक काळा मणी उरला, तर ते ॲक्रिलिक. हा मणी पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावू नका. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ करडी राख असेल, तर ते सूत. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. तिथे पट्टीवरच भरवसा ठेवावा लागतो.

शाळेत मुलींना मी हे करून दाखवते. केसांचा वास आला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “बाई, म्हणजे लोकर आणि केस एकच?” अगदी बरोबर! केस, नख आणि लोकर ही सगळी केराटिन नावाच्या प्रथिनाचीच रूपं.

मग घ्यायचं काय?

तान्ह्या बाळासाठी मऊ, बारीक, शुद्ध लोकर मिळाली तर उत्तम. शुद्ध नव्या लोकरीची खूण म्हणून १९६४ पासून जगभर ‘वूलमार्क’चं चिन्ह वापरतात. लोकरीच्या लडीसारखं ते गोलसर चिन्ह पट्टीवर शोधा. शुद्ध लोकरीचा आणखी एक गुण असा की, ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक ओलावा फारसा घेतच नाही, त्यामुळे घामानं बाळाचं अंग चिकट होतं. आपल्याकडे सकाळी गारठा आणि दुपारी ऊन, त्यामुळे हा फरक चांगलाच जाणवतो.

शुद्ध लोकर आपल्या दुकानात नसेल तर दुकानदाराला सांगून ठेवा. विणकामाचा माल पुष्कळसा लुधियानाहून येतो. वर्धमान, ओसवाल ही नावं तिथलीच. चार जणींनी मिळून मागणी केली तर दुकानदार पुढच्या मालाबरोबर मागवू शकतो. ते जमलं नाही, तर दुपारच्या वापरासाठी सुती धागा चालेल. सूत वितळत नाही, पण पेटतं झटकन, म्हणून विस्तवापासून तेही दूरच ठेवायचं. आणि ॲक्रिलिकच घेतलं, तर त्या कपड्याचा एकच नियम: शेगडी, शेकोटी, फुलबाजी यांच्याजवळ जाताना तो आधी अंगातून काढायचा.

पट्टीवर आणखी दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे धाग्याचे पदर. बाळासाठी ३ किंवा ४ पदरी घ्या. दुसरी म्हणजे लॉट नंबर. रंगाचा नंबर एकच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते आणि पाठीचा भाग पुढच्या भागाशी जुळत नाही. म्हणून लागेल तेवढी लोकर एकदमच घ्यावी.

पुस्तकातली भाषा

विणकामाची पुस्तकं आणि हिवाळ्यातले विशेषांक आपल्याला बरेचदा हिंदीत मिळतात. त्यात ‘फंदे’ म्हणजे टाके, ‘सीधा’ म्हणजे सुलट, ‘उल्टा’ म्हणजे उलट. ‘सलाई’ शब्द मात्र चकवतो. तो सुईलाही वापरतात आणि ओळीलाही. ‘१० सलाई बुनें’ म्हणजे १० ओळी विणा! सुयांचे नंबरही ध्यानात ठेवा. आपल्या जुन्या पद्धतीत नंबर मोठा तशी सुई बारीक: ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीनची, १२ नंबर पावणेतीनची. अमेरिकन पुस्तकात नेमकं उलटं असतं, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. शंका आली तर मिलिमीटर पाहावेत.

बाळासाठी बिनबाह्यांचा स्वेटर

सहा महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी. घेर २० इंच, उंची साडेदहा इंच.

*साहित्य:* ४ पदरी मऊ लोकर १०० ग्रॅम, १० व १२ नंबरच्या सुया, २ टिचबटणं.

*माप:* १० नंबरच्या सुईवर आधी छोटा तुकडा विणून पाहा. ४ इंचांत २८ टाके आणि ३६ ओळी यायला हव्यात. टाके जास्त भरले तर ९ नंबर घ्या, कमी भरले तर ११ नंबर.

*पाठ:* १२ नंबरच्या सुईवर ७० टाके घाला. १ सुलट, १ उलट अशा १२ ओळी विणा. १० नंबरच्या सुया घ्या. आता एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं एकूण उंची ६ इंच होईपर्यंत विणा. मुंढ्यासाठी पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ४-४ टाके बंद करा (६२ टाके). मग एक ओळ सोडून एक, असं ५ वेळा दोन्ही टोकांना २ टाक्यांचा १ करा (५२ टाके). मुंढा साडेचार इंच होईपर्यंत सरळ विणा. सुलट ओळीत १४ टाके बंद करा, मधले २४ टाके जादा सुईवर ठेवा. उरलेल्या १४ टाक्यांवर, म्हणजे डाव्या खांद्यावर, ६ ओळी सगळ्या सुलट विणून बंद करा. ही टिचबटणांची पट्टी.

*पुढचा भाग:* मुंढा अडीच इंच होईपर्यंत पाठीसारखाच. मग २० टाके विणा, मधले १२ जादा सुईवर ठेवा, पलीकडचे २० टाके वेगळे विणा. प्रत्येक बाजूला गळ्याकडून एक ओळ सोडून एक, असा ६ वेळा १-१ टाका कमी करा (१४ टाके). मुंढा साडेचार इंच झाला की बंद करा.

*जोडणी:* उजवा खांदा शिवा. सुलट बाजूने, पुढच्या डाव्या खांद्यापासून सुरुवात करून १२ नंबरच्या सुईवर १४, पुढचे मधले १२, पुन्हा १४, पाठीचे २४ आणि पट्टीच्या कडेचे ४ असे ६८ टाके घ्या. १ सुलट, १ उलट अशा ६ ओळी विणून सैल बंद करा. डाव्या खांद्यावर पुढचा भाग पट्टीवर ठेवून मुंढ्याकडची कड टाचा. प्रत्येक मुंढ्याला ७० टाके उचलून ५ ओळींची पट्टी विणा. शेवटी दोन्ही कुशी शिवा आणि टिचबटणं पक्की बसवा, सुटली तर बाळ तोंडात घालतं. खांदा उघडा ठेवायचं कारण साधं आहे: या वयात बाळाचं डोकं मोठं असतं, बंद गळ्यातून ते जाताना बाळ आणि आई दोघंही रडकुंडीला येतात!

धुताना आणि ठेवताना

खरी लोकर कोमट पाण्यात, सौम्य साबणात, न चोळता धुवा. गरम पाण्यात चोळली की आटते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची चपटी होते.

कपाटात ठेवताना बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यातल्या नॅप्थलिनमुळे काही नवजात बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ बळावू शकते. कपडा स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती पातळात गुंडाळून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात झटका. खऱ्या लोकरीला एवढी निगा लागतेच. पण नीट जपलेला स्वेटर धाकट्या भावंडालाही सहज होतो.

तर मैत्रिणींनो, यंदा बारशाची लोकर घ्यायला गेलात की गुंडा गालाला जरूर लावा, पण त्याआधी पट्टी वाचा. आणि तयार स्वेटर भेट देताना तो कशाचा आहे, हे बाळाच्या आईला आणि आजीला दोघींनाही सांगायला विसरू नका. शेगडीजवळ बाळाला घेऊन बहुधा आजीच बसणार आहे.