पत्र्याला घाम का सुटतो?

सभासद बंधूंनो, हिवाळ्यात पहाटे खताच्या खोलीच्या पत्र्यातून टपटप पाणी पडतं. आभाळ कोरडं, तरी खाली युरियाची पोती ओली! मग आपण मिस्त्रीला बोलावतो, नटबोल्टांना डांबर फासतो. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. कारण ती गळती नव्हेच, तो पत्र्याचा घाम!

पावसात आणि ठराविक जागी पडते ती गळती. कोरड्या रात्रीनंतर सगळ्या पत्र्याला आतून दव धरते तो घाम. ३० अंशांची हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. २० अंशांना जेमतेम १७. जनावरांचा श्वास, ओला चारा, चूल यांची वाफ वर जाते. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेहूनही गार पडतो. न मावणारी वाफ तिथेच पाणी होते.

आपल्याकडची कितीतरी माणसे भायखळा, लालबाग, परळच्या गिरण्यांत राबली. १९८२ च्या संपानंतर बरेच जण गावी परतले. गिरण्यांची ती करवतीच्या दात्यांसारखी छपरे त्यांना आठवत असतील. काचा उत्तरेला, म्हणजे उजेड यावा पण ऊन नको. सूत तुटू नये म्हणून आतली हवा मुद्दाम दमट ठेवीत. अशा ठिकाणी छत गार पडले तर थेंब थेट कापडावर! जुन्या कौलारू चाळींची गोष्ट वेगळी. मंगलोरी कौलांच्या फटींतून वाफ आपोआप निघून जाई. कौले उतरवून पत्रा घातला की फटी बुजतात आणि घाम सुरू होतो. आपल्या गावातही हेच घडले आहे.

उपाय सोपा आहे :

१) वळचणीला आणि आढ्याला, दोन्हीकडे वाट ठेवावी. खालून हवा येते, वरून वाफ जाते. एकच तोंड उघडून भागत नाही. उंदीर-पाखरांसाठी जाळी बसवावी.

२) पत्र्याखाली अस्तर द्यावे, मात्र मध्ये चार बोटे पोकळी ठेवून. प्लास्टिकचा कागद लावायचा तर अस्तराच्या खालच्या, खोलीच्या बाजूने. थर्माकोल चुलीजवळ नको, तो पेट घेतो.

३) पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

थंडी वाजते म्हणून वळचणीत बारदान कोंबण्याची आपली सवय तेवढी सोडावी. खताला पैसे मोजले आहेत. ते उसाला मिळावे, पाण्यात जाऊ नये.