एका फॉस्फेटने वळणारी साखर

बर्लिनच्या डाहलेम भागातल्या प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग उंदरांच्या गाठींचे अगदी पातळ काप काढून ते काचेच्या छोट्या चंबूंत ठेवत. चंबूला जोडलेल्या मॅनोमीटरमध्ये द्रवाची पातळी किती सरकली, यावरून पेशींनी किती ऑक्सिजन वापरला आणि किती आम्ल बाहेर टाकलं, याचा हिशेब लागे. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. भरपूर ऑक्सिजन मिळत असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत होत्या. आपले स्नायू हे करतात ते जीव खाऊन धावताना.

व्यवहार तोट्याचा वाटतो. ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोजचा एक रेणू पुरता जाळला, तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे तीसेक रेणू मिळतात. लॅक्टिक आम्लाच्या वाटेने फक्त २. कर्करोगाच्या पेशींची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते, असा निष्कर्ष वारबुर्ग यांनी काढला. १९३१चं नोबेल त्यांना मिळालं ते श्वसनाशी संबंधित विकरावरच्या कामासाठी. कर्करोगाबद्दलचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, कारण बहुतेक गाठींतलं श्वसन चालू असतं. निरीक्षण मात्र टिकलं.

वाढत्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही. दुभंगण्याआधी तिला डीएनए, आवरणाची स्निग्ध द्रव्यं, प्रथिनं, सगळं दुप्पट करावं लागतं. त्याचा बराच कच्चा माल ग्लुकोजच्या विघटनातल्या दहा पायऱ्यांच्या अधेमधे तयार होतो. शेवटची पायरी पायरुवेट कायनेज या विकराची. त्याचं एम-२ नावाचं रूप गर्भातल्या पेशींत आणि गाठींत प्रामुख्याने आढळतं. २००८मध्ये बॉस्टनला लुईस कँटली यांच्या गटाने कर्करोगाच्या पेशींतलं एम-२ काढून त्या जागी त्याचंच एम-१ हे रूप बसवलं. लॅक्टिक आम्ल घटलं, ऑक्सिजनचा वापर वाढला आणि उंदरांत त्या पेशींच्या गाठी नीट वाढेनात.

एम-२चे चार तुकडे एकत्र आले की ते जोमात चालतं. त्याच्या साखळीत १०५व्या जागी टायरोसीन हे अमिनो आम्ल असतं. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारी कायनेज प्रथिनं तिथे फॉस्फेट चिकटवतात. मग चौकडी जमत नाही, विकर मंदावतं आणि मागे तुंबलेला माल बांधकामाकडे जातो. उसाला दारं धरणारा माणूस पाटात चार ढेकळं टाकून पाणी शेजारच्या सरीत वळवतो, तसं हे.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्ये याची कसोटी घेतली. टायरोसीनच्या जागी त्यांनी फेनिलॲलनिन आणलं. दोघांत फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा, पण फॉस्फेट चिकटतं ते नेमकं त्यालाच. एवढ्या बदलाने पेशी ऑक्सिजनकडे वळल्या आणि उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावली. आज्ञा आणि अन्न यांचा सांधा इतका बारीक असावा, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

रुग्णालयातही हा सांधा दिसतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पेट स्कॅन करून आलेल्यांना ठाऊक असेल, त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज टोचतात आणि साखरेची हावरी गाठ चमकते. जठर-आतड्यांतल्या जिस्ट प्रकारच्या गाठीत किट हे कायनेज सतत चालू राहिलेलं असतं. इमॅटिनिबने ते बंद केलं, की काही रुग्णांत २४ तासांतच चमक ओसरते. गाठ आकसायला पुढे कित्येक आठवडे लागतात.

पण म्हणून घरी साखर बंद केली की गाठ उपाशी मरेल, हा समज सोडायला हवा. साखर खाल्ली नाही तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतंच. उपचारांनी आधीच खंगलेल्या माणसाचं ताट अशा सल्ल्याने आणखी रिकामं होतं. आहार ठरवायचा तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच.

एम-२वर नेम धरणंही सोपं नाही. २०१३मध्ये स्तनांच्या पेशींतून एम-२ पूर्ण काढलेल्या उंदरांतही गाठी झाल्या, उलट लवकर झाल्या. त्यामुळे विकर नष्ट करण्याऐवजी त्याची चौकडी घट्ट बांधून ते सतत जोमात ठेवणाऱ्या रेणूंवर काम सुरू झालं. त्याच जातीचं मिटापिव्हॅट हे औषध २०२२मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण कर्करोगासाठी नव्हे. तांबड्या पेशींतलं पायरुवेट कायनेज जन्मतःच दुबळं असल्याने ज्यांना रक्तक्षय होतो, त्यांना ते दिलं जातं.