पारा एक, आकडे तीन

मे महिन्यात खानदेशातल्या अमळनेरला वर्तमानपत्र जळगावचा आकडा सांगते, मोबाइल दुसराच दाखवतो आणि धुळ्याहून आलेला पाहुणा तिसरा ऐकवतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते कसे, हे पायरीपायरीने पाहू.

१. मोजणी. हवेचे तापमान सावलीतच मोजतात. हवामान खात्याच्या ठाण्यावर झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हनसन पेटी म्हणतात. तापमापक तिच्यात, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतात. कमाल तापमापकातला पारा चढतो, पण नळीच्या अरुंद गळ्यामुळे आपोआप उतरत नाही. किमान तापमापकातली बारीक काडी रात्रीच्या नीचांकावर थांबते. स्वयंचलित केंद्रांत हेच काम विजेवरचे संवेदक करतात. आपण गच्चीवर किंवा पत्र्याखाली टांगलेला तापमापक मात्र तापलेल्या भिंतीची आणि पत्र्याची धग मोजतो. त्याचा आकडा ठाण्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

२. तारीख. सकाळी साडेआठला वाचलेले किमान त्याच पहाटेचे असते, कमाल मात्र आदल्या दुपारचे. शिवाय अनेक जागतिक नोंदींत दिवस ग्रीनिचच्या वेळेने, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. खानदेशात हिवाळ्याचा नीचांक सूर्योदयाच्या सुमारास येतो. त्यामुळे कडाक्याची एकच पहाट दोन तारखांच्या खात्यात जाऊ शकते. दोन तक्ते जुळले नाहीत, तर आधी ‘दिवस’ कुठून कुठपर्यंत धरला आहे ते तपासावे.

३. जागा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचे खोरे. समुद्र दूर. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत वाफ व्हायला पाणीच नसते, म्हणून उन्हाची बरीचशी उष्णता हवा तापवण्यात जाते. रावेर-यावलच्या ओलिताखालच्या केळीबागांत तीच उष्णता काही प्रमाणात बाष्पीभवनात खर्च होते. हिवाळ्यात आकाश निरभ्र असल्याने जमीन रात्री झपाट्याने निवते आणि जड झालेली गार हवा सखल भागात साचते. म्हणून गावातले घर आणि बोरी नदीकाठचे शेत यांच्या पहाटेच्या तापमानात फरक पडतो.

४. चौकट. ठाणी मोजकी असतात. मधली जागा भरण्यासाठी नकाशावर चौकटी आखून जवळपासच्या नोंदींवरून प्रत्येक चौकटीला एक आकडा देतात. हवामान खात्याची 1951 पासूनची दैनंदिन तापमानाची अशी मांडणी 395 ठाण्यांवरून केली आहे. तिची चौकट एक अंशाची, म्हणजे सुमारे 110 किलोमीटरची आहे. अमळनेरहून उत्तरेला तेवढे अंतर गेलो, तर तापी आणि सातपुडा ओलांडून आपण मध्य प्रदेशात पोचतो. इतक्या मोठ्या क्षेत्राला एकच आकडा दिला की स्थानिक टोके बोथट होतात. मोबाइलवरचा आकडाही बहुधा अशाच, पण लहान चौकटीचा अंदाज असतो.

५. प्रारूप. पुढच्या काळाचा अंदाज घेण्यासाठी हवामान प्रारूप वापरतात. प्रारूप म्हणजे हवा, जमीन आणि समुद्र यांची समीकरणे सोडवणारा संगणकीय आराखडा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही असे प्रारूप तयार केले आहे. दीर्घकालीन प्रारूपातला 19 मे 2016 हा प्रत्यक्षातला 19 मे 2016 नसतो. त्या दिवशी राजस्थानातल्या फलोदीत 51 अंशांची नोंद झाली, पण प्रारूपात नेमकी तीच तारीख शोधणे व्यर्थ. सुमारे 30 वर्षांत किती दिवस किती तापले, हीच तुलना योग्य ठरते.

६. दुरुस्ती. समजा, प्रारूप दुपारचे तापमान प्रत्यक्ष नोंदींपेक्षा सरासरी दोन अंश कमी दाखवते. मग सगळ्या दिवसांत सरसकट दोन अंश मिळवणे ही नेहमीची चूक आहे. अतितप्त दिवशी तूट चार अंशांचीही असू शकते. त्यामुळे थंड, मध्यम आणि तप्त दिवसांची दुरुस्ती वेगवेगळी करावी लागते. कमाल आणि किमान यांचीही स्वतंत्र करतात.

७. निकष. सपाट प्रदेशात कमाल तापमान 45 अंश किंवा त्याहून जास्त झाले, किंवा ते निदान 40 अंश असून नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, तर हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा निकष लावते. खानदेशात मेच्या कमाल तापमानाची सरासरीच चाळिशीपुढे असते. त्यामुळे पाऱ्याला पंचेचाळिशी गाठायला थोडीच वाढ पुरते आणि अर्ध्या अंशाच्या चुकीनेही लाटेच्या दिवसांची संख्या बदलू शकते. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी तापमानाची मर्यादा सलग किती दिवस ओलांडली गेली, हे पाहतात. तिथेही हा अर्धा अंश महागात पडतो.

तेव्हा आपण कामाप्रमाणे आकडा निवडावा. विम्यासाठी आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्राची नोंद पाहावी, उद्याच्या कामासाठी हवामान खात्याचा अंदाज. पुढच्या पिढीच्या उन्हाळ्याचा विचार करताना अनेक प्रारूपांनी मिळून दाखवलेला बदल धरावा. एकाच प्रारूपाच्या एका आकड्यावर विसंबू नये.