परदेशातल्या स्टाफ पार्टीबद्दलचे गैरसमज

राधानगरीकडच्या शाळांत डिसेंबर म्हणजे स्नेहसंमेलन आणि सहलींची धांदल. नाताळची सुट्टी एका दिवसाची. शिक्षक एकत्र जेवतात ते कुणाच्या निवृत्तीला, बढतीला, नाहीतर वास्तुशांतीला. त्यामुळे परदेशी शाळेत रुजू होणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षकाला वर्षअखेरच्या स्टाफ पार्टीची धास्ती वाटते. इंग्लंडने २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषेच्या शिक्षकांना तिथला अधिकृत शिक्षकदर्जा मिळवण्याची वाट खुली केली आहे. अशा वेळी ऐकीव गोष्टींवर विसंबून जाणं बरं नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज पैशांचा. पार्टी शाळा देते, आपण फक्त जाऊन बसायचं, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे ज्याचा आनंद त्याचा खर्च. बढती मिळाली की सहकारी हक्काने ‘पार्टी कधी?’ म्हणून विचारतात. जपानमध्ये डिसेंबरात ‘बोनेनकाई’ म्हणजे वर्षअखेरची पार्टी होते. एक सहकारी आयोजक असतो. तो हॉटेलला माणसांचा आकडा कळवतो आणि प्रत्येकाकडून ठरलेली वर्गणी घेतो. आदल्या दिवशी ‘जमत नाही’ म्हटलं तरी वर्गणी बहुधा द्यावीच लागते, कारण ताट सांगून झालेलं असतं. ब्रिटनमध्येही सरकारी शाळेतले शिक्षक सहसा आपापला खर्च करतात. पदार्थसुद्धा कित्येकदा काही आठवडे आधी निवडून कळवायचे असतात. घरच्यांना सोबत न्यायचं तर आधी विचारायचं. जेवणाला ऐनवेळी दोन माणसं वाढली तर आपल्याकडे चालून जातं, तिथे आयोजक अडचणीत येतो. याला कोरडेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कुणा एकावर भार पडू नये, ही त्यामागची काळजी आहे.

दुसरी भीती दारूची. ‘नाही’ म्हटलं तर साहेब नाराज होतील, असं वाटतं. जपानमध्ये पहिला पेला सगळ्यांनी मिळून ‘कानपाई’ म्हणत उचलायचा असतो. त्याआधी घोट घेऊ नये, एवढं पाळायचं. पेल्यात ऊलाँग चहा असला तरी चालतो. शेजाऱ्याचा पेला आपण भरावा, आपला तो भरेल. कोरियात वडीलधारा ओतत असेल तर पेला दोन्ही हातांनी धरायचा. आणि आखातातल्या शारजाहमध्ये तर दारूवर बंदीच आहे. तिथे सहकारी एकत्र जेवतात ते बहुधा रमजानमध्ये, सूर्यास्तानंतरच्या इफ्तारला.

वर्षअखेरची पार्टी म्हणजे ख्रिस्ती धार्मिक कार्यक्रम, हेही सरसकट खरं नाही. जपानमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीसुद्धा नसते. दक्षिण कोरियात असते. अमेरिकेतल्या सरकारी शाळांना कुठल्याही धर्माचा पुरस्कार करता येत नाही. शाळेने घडवून आणलेलं बायबलवाचन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. म्हणून अनेक शाळांत ‘ख्रिसमस’ऐवजी ‘हॉलिडे पार्टी’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळा १ नोव्हेंबर २०२४ रोजी दिवाळीसाठी पहिल्यांदाच बंद राहिल्या.

भेटवस्तूंचं थोडक्यात. ‘सीक्रेट सांता’त चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची आणि ठरलेली किमतीची मर्यादा ओलांडायची नाही. प्रेमाने महागडं काही दिलं, तरी समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

खरी काळजी घ्यायची ती जेवणाची, आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. गळ्यात माळ असलेल्यांनी तर नीट लक्ष द्यावं. जपानी जेवणात मांसाचा तुकडा नसला म्हणजे ते शाकाहारी, असं नाही. मिसो सूपचा रस्सा बऱ्याचदा वाळवलेल्या माशाच्या अर्कावर केलेला असतो. ब्रिटनमधल्या ‘मिन्स पाय’मध्ये आता खिमा नसतो, सुकी फळं असतात, पण पारंपरिक कृतीत गाईची चरबी पडते. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. मासे, अंडी, चरबी यांतलं काय चालत नाही, ते आयोजकाला आधीच लिहून कळवा.

हीच जबाबदारी आपल्यावरही येते. अमेरिकेत ‘पॉटलक’ला प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असतो. आपण हौसेने कूट घातलेली साबुदाणा खिचडी नाहीतर शेंगदाण्याची चटणी नेतो. पण शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्याच्या जिवावर एक घाससुद्धा बेतू शकतो. काही शाळांत शेंगदाणा आणायलाच मनाई असते. आधी विचारा, नेलाच तर डब्यावर ‘यात शेंगदाणे आहेत’ अशी ठळक चिठ्ठी लावा आणि त्या डब्याचा चमचा दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका.