घाई नसलेला प्रवास : सांगली ते श्रवणबेळगोळ

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, की आपल्या समाजात यात्रांचे बेत सुरू होतात. बहुतेक यात्रा आरामबसने निघतात. आठ दिवसांत चौदा क्षेत्रे, पहाटे चारला उठणे, रात्री अकराला मुक्कामी पोहोचणे आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी 'अर्ध्या तासात सर्वांनी गाडीत यावे' ही सूचना. अशा यात्रेतही दर्शन घडतेच. परंतु पाहिलेले मनात उतरायला जो निवांतपणा लागतो, तो तेथे मिळत नाही. बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत आमचे सारे प्रवास एल.एफ.सी.च्या हिशेबात बसवलेले असत. ठरलेल्या मुदतीत सवलत संपवायची, रजा संपण्याच्या आदल्या रात्री घरी यायचे आणि सकाळी दहाला काउंटरवर बसायचे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तोवर सौ.चे गुडघे बोलू लागले होते.

गेल्या वर्षी अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया सुचवली. तारीख जानेवारीतली ठरली. मुलाचे म्हणणे असे, की आधी शस्त्रक्रिया, मग सहा महिन्यांनी प्रवास. सौ.चे म्हणणे वेगळे होते. ती म्हणाली, "शस्त्रक्रिया मी नाही म्हणत नाही. पण त्याआधी एकदा बाहुबलींना पाहून येऊ. पुढचे कोणी सांगितले आहे?" त्यानंतर चर्चा वाढवण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघांनी आमच्याच मोटारीने निघायचे ठरवले आणि नियम तीनच केले. कोणत्याही दिवशी अडीचशे किलोमीटरच्या वर जायचे नाही, दुपारी चारच्या आत मुक्काम गाठायचा आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे. तेरा दिवस आणि सुमारे सोळाशे किलोमीटर असा बेत आखला गेला.

घाटाखाली उतरताना

पहिला मुक्काम हुबळी. दुसऱ्या दिवशी शिरसीमार्गे जोग. नोव्हेंबरच्या अखेरीस शरावतीचे पाणी ओसरलेले असते. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चार धारा पावसाळ्यात दिसतात तशा दिसत नाहीत, पण २५३ मीटरचा तो सरळ कडा उघडा पडतो आणि खोलीचा खरा अंदाज येतो. सौ.ला पायऱ्या उतरायच्या नव्हत्या. वरच्या कठड्याशी बाकावर बसून तिने दीड तास नुसते पाहिले. बसच्या यात्रेत हा दीड तास कोणी दिला नसता.

वाटेत शिरसीच्या बाजारात काळी मिरी, वेलदोडे आणि कोकम घेतले. मिरीचा वास गाडीत असतानाच आम्ही गेरुसोप्प्याचा घाट उतरलो, हा चांगला योग जुळला. सोळाव्या शतकात याच भागावर चेन्नभैरादेवी या जैन राणीचे राज्य होते. मिरीच्या व्यापारावर तिची अशी पकड होती, की पोर्तुगीजांनी तिला 'मिऱ्यांची राणी' असेच नाव दिले. तेथील चतुर्मुख बसदी अरण्यात आहे. गुडघ्यांचा विचार करून आम्ही तो रस्ता सोडला. प्रत्येक ठिकाण पाहिलेच पाहिजे हा हट्ट सोडला, की प्रवास निम्मा हलका होतो.

होन्नावरपासून महामार्ग समुद्राच्या संगतीने दक्षिणेस जातो. मरवंते येथे रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी वाहते. तेथे गाडी उभी करून शहाळे घेतले. उडुपीत दोन रात्री राहिलो. उडुपीचे जेवण शाकाहारी म्हणून प्रसिद्ध असले, तरी कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांनी विचारून घ्यावे. मसाला डोशात बटाटा असतोच आणि सांबारात बहुधा कांदा. सौ.चे माहेर चिकोडी तालुक्यातले असल्याने तिचे कन्नड आमच्या कामी आले. तिच्या उत्तरेकडच्या बोलीवर तिकडचे लोक गालात हसत, पण साधा डोसा, खोबऱ्याची चटणी आणि गरम दूध वेळेत मिळे.

खडक, खांब आणि ग्रंथ

कारकळचा बाहुबली ४२ फुटांचा. वीर पांड्य याने १४३२ साली त्याची प्रतिष्ठापना केली. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे क्षेत्र लक्षात ठेवावे. मोटार टेकडीवर जवळजवळ मूर्तीपर्यंत जाते. त्यामुळे सौ. पहिल्यांदा बाहुबलींच्या पायाशी पोहोचली ती कारकळला. समोरच्या टेकडीवरची चतुर्मुख बसदी १५८६ सालची. चार दिशांना चार सारखी दारे आणि कोणत्याही दाराने आत गेले तरी समोर अरनाथ, मल्लिनाथ व मुनिसुव्रत हे तीन तीर्थंकर. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हा प्रश्नच त्या वास्तूने ठेवलेला नाही.

तेथून अठरा किलोमीटरवर मूडबिद्री. १४३० साली बांधलेली त्रिभुवनतिलक चूडामणी बसदी 'साविर कंबद', म्हणजे हजार खांबांची बसदी म्हणून ओळखली जाते. बाहेरून पाहताना तिची उतरती छपरे नजरेत भरतात. त्या मुलखातला पाऊस पाहता कारागिरांनी हा आकार का निवडला, ते सांगावे लागत नाही. आत गेल्यावर प्रत्येक खांबावर वेगळी नक्षी. आम्ही एक खांब निवडायचा, तो नीट पाहायचा आणि मग दुसऱ्याकडे जायचे, अशी सकाळ घालवली.

मूडबिद्रीचे दुसरे वैभव डोळ्यांना सहज दिसत नाही. षट्खंडागमावरील 'धवला' टीकेच्या ताडपत्रांवरील प्रती शतकानुशतके येथेच सांभाळल्या गेल्या. त्यांच्या नकला बाहेर याव्यात म्हणून झटणाऱ्यांत सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी होते आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्रकाशित झाला. ज्यांना तिजोरीची जबाबदारी ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे मोल चटकन कळेल. ठेव सुरक्षित ठेवणे हे एक काम आणि ती योग्य हाती पोहोचवणे हे दुसरे. मूडबिद्रीने पहिले केले, दुसऱ्यात महाराष्ट्राने हातभार लावला.

साडीची गोष्ट

खरेदीशिवाय सहल पूर्ण होत नाही, असे सौ. मानते आणि मी त्याला विरोध करत नाही. फेब्रुवारीत पुतणीचे लग्न आहे. तिच्यासाठी भारी साडी घ्यायची होती. उडुपीच्या एका दुकानात विक्रेत्याने म्हैसुरी रेशमाचे ढीग उलगडले. रंग असे, की नजर हलेना. सौ.ने हात लावून पाहिले, घडी नीट घातली आणि "सुती दाखवा" म्हणाली. रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून कोषातील जीव आत असतानाच कोष उकळतात आणि एका साडीला असे हजारो कोष लागतात. ही माहिती आपल्यापैकी अनेकांना आहे. तरी लग्नकार्यात रेशीम नेसले जाते, हेही खरे. तिने कोणाला उपदेश केला नाही. स्वतःपुरता निर्णय घेतला.

मूडबिद्रीहून जवळच किन्नीगोळी येथे विणकरांची सहकारी संस्था आहे. तुळुनाडूची हातमागाची उडुपी साडी तेथे मिळते. साडी पूर्ण सुती, पोत हलका, काठ ठसठशीत आणि धुण्यागणिक अधिक मऊ होणारी. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण विणणारे हात वयस्क झाले आहेत आणि थोडे उरले आहेत. सौ.ने पुतणीसाठी एक, मुलीसाठी एक आणि स्वतःसाठी एक घेतली. "लग्नात सुती साडी दिली, तर लोक काय म्हणतील?" असे मी विचारले. ती म्हणाली, "अहो, लोकांना मी साडीबरोबर तिची गोष्टही सांगेन."

पुढे वेणूर. फल्गुणी नदीकाठची ३५ फुटी मूर्ती १६०४ सालची, तिम्मण्ण अजिल याच्या काळातली. येथे टेकडी चढावी लागत नाही. धर्मस्थळची ३९ फुटी मूर्ती अगदी अलीकडची, १९८२ साली प्रतिष्ठापित झालेली. चारमाडी घाट चढून आम्ही हळेबीडला आलो. होयसळेश्वराचे मंदिर पाहायला गर्दी लोटते, कारण २०२३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बसदींचा समूह आहे आणि तेथे शांतता असते. ११३३ सालची पार्श्वनाथ बसदी सेनापती गंगराजाच्या स्मृतीसाठी त्याच्या मुलाने बांधवली. तिचे खांब असे घोटलेले, की त्यात आपली आकृती दिसते. गंगराजाचे नाव ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा भेटते.

डोलीचा प्रश्न

श्रवणबेळगोळला पोहोचलो, ती संध्याकाळ आम्ही कल्याणी तलावाकाठी आणि भंडार बसदीत घालवली. चोवीस तीर्थंकरांची ही बसदी होयसळ राजाचा भांडारी हुळ्ळ याने ११५९ साली बांधली. भांडारी म्हणजे खजिनदार. निवृत्त बँक अधिकाऱ्याला तेथे थोडा जिव्हाळा वाटला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

समोर विंध्यगिरी उभा होता. खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी चढायच्या. सौ.ला ते शक्य नव्हते. डोलीची सोय आहे, पण तिला संकोच वाटत होता. चार माणसांच्या खांद्यांवर बसून त्यागमूर्तीच्या दर्शनाला जायचे, हे तिच्या मनाला पटेना. कारकळ, वेणूर आणि धर्मस्थळ झाले, तेवढे पुरे, असे ती म्हणू लागली.

पायथ्याशी बसलेल्या एका डोलीवाल्याने आमचे बोलणे ऐकले असावे. तो पन्नाशीचा होता. सौ.ने त्याला कन्नडमधून आपला संकोच सांगितला. तो म्हणाला, "अम्मा, सगळ्यांनी असाच विचार केला, तर आम्ही काय करायचे? हे आमचे काम आहे, भीक नाही." मग त्याने आपल्या घरचे सांगितले. मुलगा हासनला डिप्लोमा करतो, गर्दीच्या दिवसांत चार फेऱ्या होतात, एरवी एखादीच. सौ. बराच वेळ त्याच्याशी बोलत बसली. रात्री ती गप्प होती. सकाळी म्हणाली, "जाऊ या. पण माझ्या पद्धतीने."

तिची पद्धत अशी. प्रत्येक सपाट टप्प्यावर डोली खाली ठेवायची, चौघांनी पाणी प्यायचे, दम घ्यायचा आणि मगच उचलायची. या सावकाशीत त्यांची दुसरी फेरी बुडणार होती. ठरलेल्या दराबरोबर तिने त्या फेरीचेही पैसे दिले. आपल्याला निवांतपणा हवा असेल, तर त्याची किंमत दुसऱ्याने मोजू नये, एवढा साधा हिशेब होता. अनेक कर्जप्रकरणे तपासली, पण इतका स्वच्छ ताळेबंद मी क्वचित पाहिला. तिचा संकोच पूर्ण गेला, असे मात्र ती आजही म्हणत नाही.

वरच्या प्राकारात ती स्वतःच्या पायांनी, माझा हात धरून गेली. ५८ फुटांची ती मूर्ती ९८१ साली गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने घडवून घेतली. पायांवरून दंडांपर्यंत चढलेल्या वेली, बाजूची वारुळे आणि त्यावर ते निश्चल मुख. मूर्तीच्या पायांशी मराठी अक्षरे कोरलेली आहेत. चावुंडराजाने ही मूर्ती करविली आणि गंगराजाने भोवतीची प्राकारवास्तू करविली, असा त्यांचा आशय. अनेक वर्षे हा मराठीतील आद्य शिलालेख मानला गेला. पुढे रायगड जिल्ह्यातील अक्षीच्या १०१२ सालच्या लेखाला अभ्यासकांनी तो मान दिला. मान कोणाचाही असो, कन्नड मुलखातल्या त्या शिखरावर 'करवियले' हे आपले क्रियापद भेटते, तेव्हा ऊर भरून येतो. सौ. किती वेळ उभी होती, ते मी पाहिले नाही. तिने गुडघ्यांची तक्रार केली नाही, एवढे आठवते.

परतीला दावणगेरे आणि हुबळी येथे मुक्काम केला. धारवाडचा पेढा शेवटच्या दिवशी घेतला, म्हणजे ताजा घरी पोहोचतो.

हिशेब आणि दोन शब्द

ज्येष्ठ दांपत्यांनी विचारले, म्हणून खर्च देतो. पेट्रोल अकरा हजार, निवास एकवीस हजार, भोजन नऊ हजार, खरेदी सतरा हजार, दान, डोली व किरकोळ सात हजार. एकूण पासष्ट हजार रुपये. तीर्थक्षेत्री धर्मशाळेत उतरल्यास निवासाचा खर्च बराच कमी होतो, फक्त अभिषेकाच्या पर्वकाळात आधी नोंदणी करावी. औषधे व डॉक्टरांचे कागद गाडीत हाताशी ठेवावेत. घाटात दुपारपूर्वी शिरावे. खाऊचा डबा सोबत असावा, म्हणजे सूर्यास्ताशी शर्यत करावी लागत नाही. आणि एखादे ठिकाण राहिले, तर राहू द्यावे.

हा अंक आपल्या हाती येईल, तेव्हा सौ. रुग्णालयात असेल. सामानात तिने किन्नीगोळीची नवी साडी घडी करून ठेवली आहे. घरी परतताना ती नेसायची, असे तिने ठरवले आहे.

जय जिनेंद्र.