काशीच्या राजाने साहेबाला बांधून दिलेला आड

साहेबाने हिंदुस्थानात काय काय बांधलं, याची यादी शाळेत पाठ केलेली असते. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोक रो या खेड्यात मात्र हिशेब उलटा आहे. तिथली पाण्याची सोय केली बनारसच्या महाराजांनी!

इंग्लंड म्हणजे बारा महिने पाऊस, मग टंचाई कसली? गोम जमिनीत आहे. गाव चिल्टर्नच्या टेकड्यांवर, आणि टेकड्या खडूच्या. पाणी पडलं की मुरून थेट पाताळात. गावकरी पावसाचं साठवलेलं आणि डबक्यातलं पाणी प्यायचे. घरातलं शेवटचं घोटभर पाणी पोराने पिऊन टाकलं म्हणून आईने त्याला बडवल्याची हकिगत याच भागातली. जवळच्याच गावचे, पण हिंदुस्थानात नोकरीला असलेले अधिकारी एडवर्ड रीड यांनी ती महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली. रीड यांनी 1831 मध्ये आझमगडला विहीर खोदवली होती; महाराजांनी त्याची परतफेड केली.

खोली 368 फूट! म्हणजे दीड कुतुबमिनार जमिनीखाली. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल आत उभं केलं तर कळसही वर दिसायचा नाही (मावेल कसं हे विचारू नका, रुंदी अवघी 4 फूट). एवढं सगळं हाताने खोदलं. खर्च 353 पौंड 13 शिलिंग 7 पेन्स. महाराजांच्या कारभाऱ्यांनी पेन्ससुद्धा सोडले नाहीत, हे आपल्याला आवडलं.

आडात होतं, पण पोहऱ्यात यायला दहा मिनिटं लागायची. रहाट फिरवून फिरवून एका खेपेला 9 गॅलन, म्हणजे जेमतेम दोन-तीन हंडे. वर घुमट, आणि पुढे रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्तीही येऊन बसला.

24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. पाणी फुकट. देखभालीसाठी शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव 'इश्री बाग'. माशाच्या आकाराचं तळं खोदलं, ते 'मछली पोखरा'. ही नावं तिथले शेतकरी कशी उच्चारत असतील, ऐकायला हवं होतं.

नळ आले आणि रहाट थांबला. 1964 मध्ये विहिरीची शंभरी साजरी झाली, प्रिन्स फिलिप आले, आणि त्या आडात गंगाजल ओतलं गेलं.